वसई किल्ल्यातले संत जोसेफ चर्च : १६०१ चा शिलालेख आणि हरवलेले छप्पर

वसईच्या किल्ल्यात दर्यादरवाजाच्या बाजूने शिरले की झाडीच्या वर एक उंच दगडी मनोरा दिसू लागतो. छप्पर नाही, आतल्या भिंतींतून झाडे उगवलेली, जमिनीवर पोर्तुगीज अक्षरांच्या झिजलेल्या शिळा. छायाचित्रांच्या ओळींत आणि प्रवासवर्णनांत या वास्तूला सर्रास ‘कॅथेड्रल’ म्हटले जाते. प्रवेशद्वारावरचा शिलालेख मात्र तिला वेगळ्याच नावाने ओळखतो.

लेख पोर्तुगीज भाषेत आहे आणि अगदी थोडक्यात आहे. १६०१ साली, डॉम फ्रे आलेशो द मेनेझिस आर्चबिशप असताना आणि पेद्रो गाल्व्हाँव परेरा हे येथील प्रमुख धर्मगुरू असताना, या ‘मात्रिझ’ची पुनर्रचना झाली, एवढाच त्याचा आशय.

मात्रिझ म्हणजे मातृचर्च, गावाचे मुख्य चर्च. कॅथेड्रल म्हणजे बिशपचे आसन असलेले चर्च. पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षांच्या अमलात वसईला स्वतःचा बिशप कधीच नव्हता. येथला कारभार गोव्याच्या आर्चबिशपकडे होता. वसई धर्मप्रांत स्थापन झाला तो २२ मे १९९८ रोजी, आणि त्याचे कॅथेड्रल किल्ल्यात नसून पापडीला आहे. संत जोसेफ हे होते नगराचे साधे, रोजच्या वापराचे चर्च. नवजात बालकाचा स्नानसंस्कार, लग्न, प्रेतसंस्कार, रविवारची मिस्सा यांसाठी वसईकर जिथे जात, ते ठिकाण. हा भेद शब्दांपुरता वाटेल, पण या वास्तूचे पुढे जे झाले ते समजण्याची किल्ली त्यातच आहे.

सुरुवात राजकारणातून झाली. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याशी तह केला आणि वसई, तिच्या ताब्यातल्या मुलखासह, पोर्तुगीजांना दिली. मुंबईची बेटे त्याच तहात गेली. हुमायूनच्या आक्रमणाची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या बहादूरशहाला समुद्राकडून एक शत्रू कमी हवा होता. १५३६ मध्ये गार्सिया द सा याने येथे पहिला कोट बांधला.

चर्चचा आदेश आला तो दहा वर्षांनी. मार्च १५४६ मध्ये पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने गव्हर्नर जोआंव द कास्त्रोला एक सविस्तर पत्र पाठवले. मूर्तिपूजेला आळा घालावा, नव्या ख्रिस्ती लोकांना संरक्षण द्यावे असे त्यातले आदेश प्रसिद्ध आहेत. त्याच पत्रात वसईला संत जोसेफच्या नावाने चर्च बांधावे असेही सांगितले होते. त्याच्या खर्चासाठी उत्पन्नाची सोयही होती : सुलतानशाहीत जो पैसा वसईच्या मशिदींकडे जात असे, तो आता चर्चकडे आणि धर्मप्रसाराकडे वळवावा.

हे वाचून आज दचकायला होते. पण सोळाव्या शतकातल्या राजाच्या दृष्टीने हा हिशेबाच्या वहीतला बदल होता. राज्य बदलले की धर्मादाय खर्चाचा धनी बदलतो, हे सुलतानालाही मान्य होते, पोर्तुगालच्या राजालाही, आणि पुढे पेशव्यांनाही. संत जोसेफच्या पायाखाली दुसऱ्याच्या प्रार्थनेचा पैसा होता, ही गोष्ट १७३९ कडे येताना लक्षात ठेवायला हवी.

या चर्चचा गाव कोणता, हे त्यानंतर पाहावे लागते. दमणपासून चौलपर्यंतच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी वसई होती आणि गोव्याखालोखाल तिचा थाट होता. १६७५ च्या सुमारास इंग्रज वैद्य जॉन फ्रायर येथे आला. दुमजली घरे, झाकलेल्या सज्जा, काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ तावदानांच्या खिडक्या, सहा चर्च, चार मठ आणि दोन विद्यालये असे वर्णन त्याने केले आहे. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांनी तटाच्या आत आपापले मठ उभारले होते. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर चढवले गेलेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया याच गावचे. वडील पोर्तुगीज, आई इथलीच.

फ्रायरने आणखी एक गोष्ट नोंदवली : तटाच्या आत रात्री राहण्याची मुभा फक्त ख्रिस्ती लोकांना होती. दिवसा वाणी, कारागीर, मजूर आत येत; दिवेलागणीला बाहेर पडत. तटाच्या आतली वसई ही सत्ताधाऱ्यांची वसाहत होती. बाहेर आगाशी, निर्मळ, नंदाखाल, पापडी, सांडोर या भागांत शेती करणारे, मासे मारणारे, नव्याने ख्रिस्ती झालेले आणि न झालेले हजारो लोक होते. त्यांची चर्च वेगळी होती. संत जोसेफचा भाविक हा मुख्यतः तटाच्या आतला माणूस होता.

आता वास्तूकडे वळू. कोकणातल्या पोर्तुगीज चर्चांची एक ठरलेली घडण आहे आणि संत जोसेफ तिला अपवाद नाही. एक लांबट, उंच, खांब नसलेले दालन. त्याच्या टोकाला वेदीचा अरुंद भाग. पुढच्या बाजूला दर्शनी भिंत आणि मनोरा. मनोऱ्यात वर जाणारा चक्राकार जिना आहे. प्रवेशाजवळच स्नानसंस्काराची खोली आहे, आणि तिचे कमानदार दगडी छत आजही टिकून आहे.

भिंतींची जाडी पाहून सारे बांधकाम घडीव दगडाचे वाटते, पण तसे नाही. भिंतीचे पोट ओबडधोबड दगड आणि चुन्याचे आहे. घडीव दगड लावला आहे तो कोपऱ्यांना, कमानींना, दारे-खिडक्यांच्या चौकटींना आणि खांबांना. उरलेल्या भिंतीवर चुन्याचा गिलावा होता. म्हणजे आज काळेकरडे दिसणारे हे अवशेष त्यांच्या ऐन काळात पांढरेशुभ्र होते आणि त्या पांढऱ्यावर दगडाच्या गडद रेषा उठून दिसत. पडक्या वास्तूचे सौंदर्य डोळ्यांत इतके मुरले आहे की मूळ रंगाची कल्पना करणे आपल्याला जड जाते.

या घडीव दगडाची एक वेगळीच कहाणी आहे. गोव्याचा स्थानिक दगड म्हणजे जांभा : कापायला सोपा, पण मऊ, सच्छिद्र, बारीक कोरीवकामाला नालायक. त्यामुळे जुन्या गोव्यात मोठी चर्च उभी राहू लागली तेव्हा खांबांसाठी आणि नक्षीसाठी कठीण काळा दगड वसईहून गलबतांत घालून नेला गेला. बाँ जेझूच्या बॅसिलिकेचा दर्शनी भाग पाहिला तर लालसर जांभ्यावर काळ्या दगडाचे खांब आणि पट्टे स्पष्ट दिसतात. तो दगड वसईचा. १५९४ ते १६०५ या काळात बाँ जेझू बांधले जात होते. नेमक्या त्याच वर्षांत, १६०१ मध्ये, वसईची मात्रिझ नव्याने घडत होती. गोव्याच्या वैभवाचे कौतुक करताना त्यातला कठीण भाग उत्तर कोकणातून गेला होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

शिलालेखातले आर्चबिशप आलेशो द मेनेझिस हे इतिहासात अधिक ओळखले जातात ते १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेमुळे. केरळातल्या प्राचीन सुरियानी ख्रिस्ती समाजाला त्यांनी रोमच्या शिस्तीत आणण्याचा जो कठोर प्रयत्न केला, त्याची धग तिथे आजही जाणवते. वसईच्या दारावर त्यांचे नाव आहे ते केवळ पदामुळे. काम केले ते दुसऱ्या नावाने, पेद्रो गाल्व्हाँवने.

गाल्व्हाँवची कबर याच चर्चमध्ये आहे. तिच्यावरची शिळा त्याला देवाचा सेवक आणि ‘या मंदिराचा विस्तार करणारा’ म्हणते. मृत्यूचा महिना मार्च १६१८.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे १६१८ मध्ये, वसईवर प्रचंड चक्रीवादळ आले. समुद्र आता गाव गिळणार, असे लोकांना वाटले. घरे कोसळली, माडांच्या वाड्या आडव्या झाल्या, आगाशीच्या बंदरात जहाजे फुटली आणि चर्च-मठांची छपरे उडाली. ज्याने सतरा वर्षांपूर्वी गावाचे चर्च वाढवले, त्याला हे पाहावे लागले नाही.

छपराबद्दल इथे थोडे थांबले पाहिजे. युरोपातल्या मोठ्या चर्चांना बहुधा दगडी कमानींचे छत असते. कोकणात तसे छत फक्त लहान भागांवर घालत : वेदीवर, स्नानसंस्काराच्या खोलीवर. मुख्य दालनाची रुंदी लाकडी तुळया, वासे आणि कौले यांनी झाकली जाई. वसईचा परिसर सागवानासाठी आणि जहाजबांधणीसाठी नावाजलेला होता. लाकूड आणि सुतार दोन्ही हाताशी होते. असे छप्पर हलके, स्वस्त आणि पावसाला चोख. पण त्याची एक अट असते : दरवर्षी आगोटीच्या आधी माणूस वर चढला पाहिजे, फुटके कौल बदलले पाहिजे, कुजलेला वासा काढला पाहिजे. कोकणात घर शाकारणे ठाऊक असलेल्याला हे वेगळे सांगायला नको. दोन-चार पावसाळे कोणी वर चढले नाही, तर पाणी तुळईच्या टोकाशी, भिंतीच्या खोबणीत मुरते, आणि मग सारे छप्पर एकदम खाली येते. छप्पर गेले की उघड्या भिंतीच्या माथ्यात पाणी शिरते, चुना सुटतो, पिंपळ रुजतो.

१६१८ च्या वादळानंतर छपरे पुन्हा चढली, कारण चढवणारे लोक होते. पुढच्या शतकात तेच कमी होत गेले. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी उतरून तटाबाहेरची चर्च लुटली. तटाच्या आतले सैन्य बाहेर पडले नाही. १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी आला तेव्हा रोगराईने गावाचा मोठा भाग ओस पडला होता. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर व्यापारही हळूहळू तिकडे सरकला. वसईचे हिदाल्गो, म्हणजे खानदानी पोर्तुगीज सरदार, आपला थाट सांभाळत राहिले. पण तिजोरी आणि फौज दोन्ही आटत होती.

मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये साष्टी आणि ठाण्यापासून सुरू झाली. चिमाजी आप्पांनी वसईला घातलेला वेढा मे १७३९ मध्ये संपला. निर्णायक झुंज झाली ती उत्तरेच्या, जमिनीकडच्या बाजूला : सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावून तट फोडला गेला आणि त्या खिंडारात दोन्ही बाजूंची माणसे मोठ्या संख्येने पडली. शरणागतीनंतर पोर्तुगीजांना कुटुंबकबिल्यासह, शस्त्रे आणि चीजवस्तू घेऊन जाऊ दिले गेले. धर्मगुरूंना मूर्ती आणि पूजेचे साहित्य नेण्याची मुभा होती. राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्मपालनाचे स्वातंत्र्य आणि तीन चर्च (एक नगरात, एक वसईच्या मुलखात, एक साष्टीत) चालू ठेवण्याचे कलमही तहात होते.

समाजमाध्यमांवर या प्रसंगाचे दोन ठरीव पाठ फिरत असतात. एकात चिमाजी आप्पांनी वसईची चर्च जमीनदोस्त केली असे अभिमानाने सांगितले जाते; दुसऱ्यात तेच विषादाने. संत जोसेफच्या भिंती दोन्ही पाठांना दुजोरा देत नाहीत. खिंडार पडले उत्तरेला. मात्रिझ उभी आहे दर्यादरवाजापाशी. मनोरा शाबूत आहे, दर्शनी दार शाबूत आहे, त्यावरचा लेखही शाबूत आहे. पाडायला निघालेल्या सैन्याने मनोऱ्याला आधी हात घातला असता. या वास्तूतून नाहीसे झाले ते मुख्यतः लाकूड, कौल आणि धातू.

धातूचा ठावठिकाणा सर्वश्रुत आहे. वसई-साष्टीच्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी उतरवल्या आणि देवस्थानांना वाहिल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर जी घंटा टांगली आहे, तिच्यावर १७०७ साल असून बाळ येशूला घेतलेली मरियेची आकृती आहे. ही साले घंटा ओतल्याची आहेत, जिंकल्याची नव्हेत. ‘१७०७ ची लढाई’ असे काही मजकूर लिहिले जातात, ते या गोंधळातून.

मूर्ती आणि चांदीची भांडी गलबतावर चढवता येत होती. मनोऱ्यातल्या मोठ्या घंटा उतरवायला परांची, दोर आणि सवड लागते. शरण गेलेल्यांकडे ती नव्हती. विजेत्यांनी मात्र ती काढली. त्या काळी घंटेचा धातू वितळवून तोफ ओतणे ही सगळ्याच राज्यांची रीत होती. या घंटा तोफा झाल्या नाहीत, हे नोंदवण्यासारखे आहे. ज्या दोराने त्या मनोऱ्यात हलत, तो दोर गेला; त्या भक्ताच्या हाताच्या उंचीवर आल्या, आणि ज्याला देवाला जागे करायचे त्याने वाजवाव्यात अशा झाल्या. १५४६ च्या पत्रात मशिदींचे उत्पन्न चर्चकडे वळले होते. १७३९ मध्ये चर्चची घंटा मंदिराकडे वळली. चिमाजी आप्पांनी नवस फेडून वज्रेश्वरीचे मंदिर बांधले. किल्ल्यातही देवळे उभी राहिली, आणि नगराला काही काळ बाजीपूर म्हटले गेले.

पण चर्च मोडले ते घंटा गेल्याने नाही. घंटेविना मिस्सा होते. मोडले ते तटाच्या आतले लोक गेल्याने.

याचा पुरावा तटाबाहेर आहे. पापडी, नंदाखाल, निर्मळ, आगाशी, रमेदी या धर्मग्रामांनीही ते युद्ध सोसले. काही चर्चांचे त्यात नुकसान झाले. तिथलेही युरोपीय पाद्री निघून गेले. तरी ती चर्च आज नांदती आहेत. काही दुरुस्त झाली, काही पाडून नव्याने मोठी बांधली गेली. कारण तिथला कुपारी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती माणूस कुठेही गेला नाही. त्याची केळीची वाडी तिथे होती, होडी तिथे होती. गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंच्या हाताखाली त्याने आपले चर्च चालवले, दर आगोटीला कौले शिवली आणि आपल्या बोलीत प्रार्थना केली. याच मातीतून पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

तटाच्या आतल्या मात्रिझकडे असा माणूस उरला नाही. ज्यांच्यासाठी ती बांधली, ते गोव्याकडे निघून गेले. १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने किल्ला घेतला, मग सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तो प्रसिद्ध तह केला आणि पेशवाईची सूत्रे त्यांच्या हाती गेली. एकोणिसाव्या शतकात किल्ल्यातल्या मोकळ्या जमिनीत ऊस लावून साखर काढण्याचाही उद्योग झाला. या सगळ्या धामधुमीत कोणालाही संत जोसेफच्या छपरावर चढण्याचे कारण नव्हते. १८७६ मध्ये डॉ. गर्सन द कुन्या यांनी चौल आणि वसईच्या अवशेषांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो लिहिताना त्यांनी या शिळांवरचे लेख उतरवून घेतले. आज अनेक लेख वाचता येतात ते त्यांच्यामुळे, कारण दगड त्यानंतरही झिजत राहिला.

सध्या किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी जोडपी येतात; २०१६ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या एका गाण्यात या कमानी जगभर दिसल्या. दर्यादरवाजाच्या पलीकडे किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात जाळी सुकत असतात, आणि तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांना हा मनोरा लहानपणापासून पाठ असतो.

आत गेलात तर दोन गोष्टी अवश्य पाहा. भिंतींच्या वरच्या भागात ओळीने असलेल्या चौकोनी खोबणी : तिथे तुळयांची टोके बसत असत. आणि वेदीच्या दिशेने जमिनीत असलेल्या कबरींच्या शिळा, ज्यांत पेद्रो गाल्व्हाँवची आहे. ती आडवी आहे, उघड्यावर आहे, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते. तिच्यावर पाय न देता बाजूने जावे.